कंपोझिट मजबूत पण हवं आणि चिवट पण हवं, तर नेमकं काय काय करायचं

कंपोझिट म्हणजे बहुतेक वेळा काच किंवा कार्बनचे धागे (फायबर) रेझिन नावाच्या, गोंदासारख्या घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये थराथराने बसवून केलेला पदार्थ. असा फायबरवाला पार्ट तुटला की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, कुठलं भारी फायबर टाकू? आणि त्याला जोडून दुसरा, रेझिनमध्ये काय मिसळू? प्रश्न चुकीचे नाहीत पण फार लवकर विचारलेले असतात, कारण पार्ट कशामुळे तुटला हे बघितलंच नसेल तर ग्लासच्या जागी कार्बन टाकून फक्त पैसे जास्त जातात आणि तुटायचा तो तिथेच तुटतो.

म्हणून आधी तुटलेला तुकडा हातात घ्या, उजेडात धरा, शक्य असेल तर १० पट भिंगातून बघा. फायबरची टोकं झाडूसारखी विस्कटून बाहेर आली असतील तर फायबर खरंच आपल्या ताकदीपर्यंत पोचलं आणि मग तुटलं, म्हणजे तुम्हाला जास्त फायबर हवंय किंवा त्या दिशेला हवंय. लेअर वहीच्या पानांसारखे सुटे झाले असतील तर ते डिलॅमिनेशन, तिथे भारी फायबरचा काडीचा उपयोग नाही. बाहेर आलेलं फायबर अगदी स्वच्छ चकचकीत दिसत असेल, रेझिनचा कणही चिकटलेला नसेल, तर बाँडिंग कच्चं आहे. उलट तुटलेली बाजू काचेसारखी सपाट असेल, एकही फायबर बाहेर आलेलं नसेल, तर बाँडिंग गरजेपेक्षा घट्ट किंवा रेझिन फारच ठिसूळ. आणि वाकवताना आतल्या, म्हणजे दाबल्या जाणाऱ्या बाजूला तिरकी बारीक सुरकुती पडून तुटलं असेल तर फायबर कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे दाबाखाली, बकल झालेत (बाजूला वाकून मोडलेत), आणि त्याचा इलाज परत वेगळा. ही पाच मिनिटांची तपासणी केली की निम्मं काम झालं असं समजा.

ताकद वाढली की चिवटपणा वाढतोच असं नाही

हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. ताकद म्हणजे किती लोड घेऊन तुटतं, आणि चिवटपणा म्हणजे तडा पुढे सरकायला किती ऊर्जा खर्च करावी लागते. ई-ग्लासचं, म्हणजे नेहमीच्या काचेचं, नवीन फायबर ३४०० मेगापास्कलच्या आसपास जातं, म्हणजे साध्या स्टीलच्या कितीतरी वर, पण काच ती काच, तडा गेला की गेला, एक चौरस मीटर तडा पाडायला १० जूलच्या आसपास पुरतात. साधी इपॉक्सी (नेहमी वापरलं जाणारं रेझिन) पण ठिसूळच, तिला १०० ते २०० जूल. आता गंमत बघा, हे दोन ठिसूळ पदार्थ एकत्र केले आणि फायबरला आडवा तडा पाडायचा प्रयत्न केला तर खर्च हजारो जूलवर जातो, कारण तडा फायबरपाशी आला की सरळ पुढे जात नाही, फायबरच्या कडेने वळतो, फायबर रेझिनपासून सुटतं, मग कुठेतरी आत तुटतं आणि त्याचं टोक घासत घासत बाहेर ओढलं जातं. ही सगळी घासाघीस म्हणजेच चिवटपणा.

पण दोन लेअरच्या मधे काय आहे? तिथे कुठलंच फायबर आडवं जात नाही, नुसती रेझिनची पातळ पट्टी. म्हणजे तिथला चिवटपणा परत इपॉक्सीच्याच पातळीवर, २०० ते ३०० जूल. इथेच घोडं पेंड खातं. त्यामुळे कंपोझिटमध्ये चिवटपणाचे दोन वेगळे हिशोब असतात, एक फायबरला आडवा आणि एक लेअरच्या मधला, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला चालेलच असं नाही.

आधी कंटाळवाणी कामं

ॲडिटिव्ह, नॅनो वगैरे सगळं नंतर. ताकदीचा मोठा हिस्सा चार साध्या गोष्टींत असतो, दिशा, फायबरचं प्रमाण, हवेचे बुडबुडे आणि क्युअर, म्हणजे रेझिन घट्ट बसणं.

दिशेचं बघा. कार्बन-इपॉक्सीचा एका दिशेचा लॅमिनेट (लेअर एकावर एक चिकटवून केलेला पत्रा) फायबरच्या दिशेने १४० गिगापास्कल कडकपणा देतो, आणि तोच लोड फायबरपासून फक्त १० अंश तिरका लागला तर कडकपणा ८० च्या आसपास येतो, हे साधं गणित आहे, हवं तर करून बघा. ताकद तर त्याहून वेगाने पडते, आणि पूर्ण ९० अंशाला ४०-५० मेगापास्कल उरतात जिथे सरळ दिशेला दीड-दोन हजार होते. म्हणजे कापड कापताना, मोल्डमध्ये बसवताना थोडं सरकलं तर काय होतं असं म्हणणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. कोपऱ्यात आणि गोलाईत कापड स्वतःहून तिरकं होतं, तिथे छोटे छोटे कट देऊन, तुकडे करून बसवा, जोडावर ओव्हरलॅप ठेवा, आणि ओव्हरलॅप सगळ्या लेअरमध्ये एकाच रेषेत येऊ देऊ नका.

कॉम्प्रेशनमध्ये तर दोन-तीन अंशाची लाटही महागात पडते. दाबताना फायबरला रेझिन बाजूने आधार देत असतं, फायबर आधीच वाकडं असेल तर तो आधार लवकर सुटतो आणि बारीक पट्टीत सगळे फायबर एकदम घडी पडून मोडतात. म्हणून कॉम्प्रेशनचा पार्ट असेल तर जाड विणीचं कापड टाळा, कारण विणीमुळे प्रत्येक धागा वर-खाली जातो, त्यापेक्षा शिवून धरलेलं सरळ धाग्यांचं नॉन-क्रिंप फॅब्रिक किंवा एका दिशेचं टेप घ्या. केव्हलार हे प्लास्टिकचं फायबर कॉम्प्रेशनमध्ये मुळातच कच्चं, ओढण्यात जेवढं घेतं त्याचा पाचवा भागच दाबण्यात घेतं, तिथे ते वापरूच नका. आणि एक गोष्ट बरेच जण उलटी करतात, चिवटपणासाठी रेझिन मऊ करणारं फ्लेक्सिबलायझर टाकतात, रेझिन मऊ झालं की फायबरचा आधार गेला आणि कॉम्प्रेशनची ताकद त्याच्याबरोबर गेली, वर उन्हात पार्ट वाकायला लागतो ते वेगळंच.

आता प्रमाण आणि बुडबुडे. हाताने रोलर मारून केलेल्या कापडाच्या लॅमिनेटमध्ये फायबर घनफळाने ३० ते ४० टक्के असतं, चॉप्ड स्ट्रँड मॅटमध्ये (आखूड तुकड्यांच्या चटईत) त्याहून बरंच कमी, व्हॅक्यूम इन्फ्युजनमध्ये (हवा काढून रेझिन कापडात ओढतात त्यात) ५० ते ५५, आणि ऑटोक्लेव्हमधल्या (दाबाच्या भट्टीतल्या) प्रीप्रेगमध्ये, म्हणजे आधीच रेझिन भरलेल्या कापडात, ६० च्या आसपास. नवशिक्यांना वाटतं रेझिन जास्त म्हणजे मजबूत, प्रत्यक्षात रेझिनचा कडकपणा ३ गिगापास्कल आणि ग्लासचा ७२, तेव्हा जास्तीचं रेझिन म्हणजे फुकटचं वजन. पण ६५-७० टक्क्यांच्या वर ओढायला गेलात तर फायबर एकमेकांना टेकतात, मधे रेझिन पोचत नाही, आणि लेअरमधला चिवटपणा पण घसरतो.

तुमचं प्रमाण नक्की किती आहे हे मोजायचं असेल तर ग्लासच्या बाबतीत अगदी सोपं आहे. समजा १० ग्रॅमचा तुकडा कापला. आधी तो पाण्यात बुडवून त्याचं घनफळ काढलं, आलं ५.८० घन सेंटिमीटर. मग भट्टीत ५६५ अंशाला रेझिन पूर्ण जाळून टाकलं, मागे ६ ग्रॅम काच राहिली. काचेची घनता २.५६, म्हणजे काच २.३४ घन सेंटिमीटर. जळालेलं रेझिन ४ ग्रॅम, घनता १.२, म्हणजे ३.३३. दोन्ही मिळून ५.६७. वजनाने ६० टक्के वाटणारी काच घनफळाने फक्त ४० टक्के निघाली, आणि ५.८० मधून ५.६७ गेले तर ०.१३ उरले, ती हवा, म्हणजे सव्वादोन टक्के बुडबुडे. कार्बनला हे असं करू नका, त्या तापमानाला हवेत कार्बन स्वतःच जळायला लागतो, त्याचं रेझिन लॅबमध्ये ॲसिडने काढतात. आणि भट्टी धूर बाहेर जाईल अशा जागी हवी हे सांगायला नको.

सव्वादोन टक्के ऐकायला काहीच वाटत नाही ना? पण दर एक टक्का बुडबुड्यामागे लेअरमधली शिअर ताकद (लेअर एकमेकांवर सरकू न देण्याची) साधारण ७ टक्क्यांनी पडते, चारेक टक्क्यांपर्यंत हा हिशोब बऱ्यापैकी धरून चालतो. म्हणजे वरच्या तुकड्याने १५ टक्के ताकद हवेत घालवली, अक्षरशः. विमानाच्या मुख्य भागांत बुडबुडे एक-दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा आग्रह असतो तो याचसाठी. बुडबुडे कमी करायला रेझिन हळू ढवळा, मिसळल्यावर व्हॅक्यूममध्ये डीगॅस करा, तीन-चार लेअर झाले की मधेच व्हॅक्यूम लावून दाबून घ्या, आणि इन्फ्युजनच्या आधी पंप बंद करून गेज बघत बसा, सुई सरकत असेल तर लीक आहे, आणि लीक सापडेपर्यंत रेझिन उघडायचंच नाही. पॉलिएस्टर रेझिनला फार खोल व्हॅक्यूम दिला तर त्यातलं स्टायरीनच (त्याला पातळ ठेवणारा द्रव) उकळायला लागतं आणि तुम्ही बुडबुडे काढायच्या नादात बुडबुडे तयार करता. केव्हलार आणि नैसर्गिक फायबर हवेतलं पाणी शोषतात, ते वापरायच्या आधी ओव्हनमध्ये वाळवून घ्याच.

क्युअरबद्दल थोडक्यात. इपॉक्सीत हार्डनर वजनकाट्यावर मोजून घालायचं, अंदाजे नाही. "लवकर बसावं म्हणून थोडं जास्त" हा प्रकार इपॉक्सीत चालतच नाही, जास्तीच्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही आणि तो आत तसाच पडून राहतो, रेझिन मऊ राहतं. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट एक-दोन टक्क्यांत खालीवर चालतं, ते गणितच वेगळं, एकाची सवय दुसऱ्याला लावू नका. रूम टेंपरेचरला बसलेल्या इपॉक्सीला पोस्ट-क्युअर द्या, म्हणजे सावकाश तापवा, कंपनीच्या डेटाशीटमध्ये जो टप्पा दिलाय तोच पाळा, फटकन तापवलं तर पार्ट मऊ होऊन आकार सोडतो. आणि दोन दिवसांच्या कामात काल घातलेल्या लेअरवर मेणासारखा चिकट थर आला असेल तर तो अमाईन ब्लश, पाण्याने धुवा, सँडपेपर मारा, मगच पुढचा लेअर, नाहीतर त्या जागी डिलॅमिनेशन तुम्ही स्वतः आमंत्रण देऊन बोलावलंत.

बाँडिंग घट्ट करायचं का सैल?

इथे खरं डोकं लागतं. लोड रेझिनमधून फायबरमध्ये जातो तो बाँडमधूनच, तेव्हा बाँड कच्चा असेल तर ताकद मिळत नाही. पण बाँड इतका पक्का केला की तडा फायबरपाशी वळूच शकला नाही, तर तो सरळ फायबर कापत पुढे जातो आणि चिवटपणा संपला. १९६४ साली कुक आणि गॉर्डन यांनी मांडलं होतं की मधला जोड पदार्थाच्या स्वतःच्या ताकदीच्या साधारण पाचव्या भागाइतका किंवा त्याहून कच्चा असेल तर तडा पोचायच्या आधीच तो जोड उघडतो आणि तड्याचं टोक तिथेच बोथट होतं.

व्यवहारात काय करायचं, तर पॉलिमर रेझिनमध्ये बाँड चांगलाच ठेवायचा आणि चिवटपणा दुसरीकडून आणायचा. फायबरवर कारखान्यातच सायझिंग नावाचा लेप असतो, ग्लासवर सायलेन, कार्बनवर बहुतेक इपॉक्सीला जमणारा. कापड घेताना हा लेप कुठल्या रेझिनसाठी आहे हे विचारा, इपॉक्सीवाल्याला अमिनो सायलेन आणि पॉलिएस्टर किंवा व्हिनाईल एस्टरवाल्याला मेथॅक्रिल सायलेन लागतं. साध्या चॉप्ड स्ट्रँड मॅटमध्ये फायबर धरून ठेवणारा बाइंडर असतो तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळायला बनवलेला असतो, इपॉक्सीत स्टायरीन नाही, त्यामुळे मॅट नीट भिजतच नाही, पांढरे ठिपके राहतात, आणि लोक म्हणतात इपॉक्सी खराब निघाली. नैसर्गिक फायबर असेल, ताग, फ्लॅक्स वगैरे, तर पाचेक टक्के कॉस्टिकच्या द्रावणात थोडा वेळ बुडवून, भरपूर धुवून, पूर्ण वाळवून वापरतात, त्याने वरचा मेणचट भाग जातो, फक्त जास्त वेळ ठेवलं तर फायबरच खायला लागतं. आणि कापडाला उघड्या हाताने चोळू नका, घामाचं तेल लागतं.

पण सिरॅमिक आणि काँक्रीटमध्ये उलटी गंगा. तिथे मॅट्रिक्स, म्हणजे फायबरभोवतीचा पदार्थ, स्वतःच एवढं ठिसूळ की मुद्दाम बाँड सैल करावा लागतो. सिलिकॉन कार्बाइडच्या फायबरवर बोरॉन नायट्राइडचा अगदी पातळ थर देतात जेणेकरून तडा तिथेच घसरावा, २०१६ पासून सेवेत असलेल्या लीप जेट इंजिनाच्या टर्बाइनमधल्या श्राउडला (पात्यांभोवतीच्या कड्याला) असलंच मटेरियल आहे. आणि वाकणारं काँक्रीट म्हणून जे ओळखलं जातं त्यात पीव्हीए (पॉलिव्हिनाईल अल्कोहोल) फायबरला चक्क तेलाचा हात देतात, नाहीतर ते सिमेंटला इतकं घट्ट धरतं की निघायच्या आधीच तुटतं. तेल लावल्यावर ते हळूहळू सरकत निघतं, शेकडो केसासारख्या तड्या पडतात पण एकही मोठी होत नाही, आणि काँक्रीट तीन ते पाच टक्के ताणलं जातं, जिथे साधं काँक्रीट ०.०१ टक्क्याला तुटतं.

लेअरच्या मधला चिवटपणा

बहुतेक लॅमिनेट याच कारणाने जातात. वरून हातोडा पडतो, वर काही दिसत नाही, आत मात्र लेअर सुटलेले असतात आणि ते खालच्या बाजूला पसरत गेलेले असतात, मग पुढे कधीतरी कॉम्प्रेशनमध्ये पार्ट अर्ध्या लोडला बसतो.

पहिला उपाय, टफन केलेलं रेझिन. द्रव रबर मिसळून क्युअर होताना त्याचे एक ते पाच मायक्रॉनचे गोळे तयार होतात, किंवा तयार कोअर-शेल रबर कण येतात, ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे, वजनाने ५ ते १० टक्के टाकायचे. तडा जवळ आला की रबराचा कण आतून फुटतो, भोवतीचं रेझिन ताणलं जातं आणि ऊर्जा खाल्ली जाते. मला विचाराल तर कोअर-शेलच घ्या, द्रव रबराचा काही भाग रेझिनमध्ये विरघळलेला राहतो आणि उष्णता सहन करायची मर्यादा खाली आणतो, कोअर-शेलमध्ये ती भानगड फार कमी. शिवाय कण इतके बारीक असतात की इन्फ्युजनमध्ये कापडातून आरपार जातात, मोठे कण टाकलेत तर कापड गाळणीचं काम करतं आणि सगळा माल रेझिन आत शिरतं तिथेच अडकतो.

पण एक कटू सत्य आहे. नुसत्या रेझिनचा चिवटपणा १० पट केला म्हणून लॅमिनेटचा १० पट होत नाही, त्यातला छोटा हिस्साच पोचतो. कारण रबर काम करतं ते तड्याच्या टोकाभोवतीच्या मोठ्या भागात रेझिन ताणून, आणि लॅमिनेटमध्ये वर-खाली फायबर काही मायक्रॉनवर उभे, ताणायला जागाच नाही. म्हणून अतिभारी टफन रेझिनवर पैसे ओतण्यापेक्षा मध्यम टफन रेझिन घ्या आणि उरलेलं काम लेअरच्या मधे जागा तयार करून करा. आणि उच्च तापमानाच्या, खूप घट्ट जाळं असलेल्या रेझिनवर रबराचा फारसा परिणाम होत नाही, तिथे पॉलिइथरसल्फोनसारखं थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवलं की वितळणारं प्लास्टिक, मिसळतात.

ती जागा तयार करायची म्हणजे इंटरलीफ. दोन लेअरच्या मधे थर्मोप्लास्टिकचा पातळ थर किंवा कण ठेवायचे. टोरे कंपनीचं टी८०० फायबरचं ३९००-२ प्रीप्रेग याच कल्पनेवर आहे, थर्मोप्लास्टिकचे कण फायबरमध्ये शिरू न देता मुद्दाम लेअरच्या मधेच राहतील असे ठेवलेले, बोइंग ७७७ ची शेपटी त्याची झाली. आपल्याला वर्कशॉपमध्ये ते जमणार नाही पण नायलॉनचा न विणलेला पातळ व्हेल मिळतो, चौरस मीटरला चार ते वीस ग्रॅमचा, तो सरळ लेअरच्या मधे अंथरायचा, वजन जाडी किंचित वाढते आणि डिलॅमिनेशनला चांगलीच आडकाठी बसते. सगळीकडे घालायची गरज नाही, जिथे लेअर संपतात, कडा, भोकं, कोपरे, आणि जिथे मार बसणार तिथे पुरे.

थर्मोप्लास्टिक मॅट्रिक्सच घेतलं तर प्रश्नच मिटतो, कार्बन-पीक (पीईईके नावाचं थर्मोप्लास्टिक) लॅमिनेटमध्ये लेअरमधला चिवटपणा साध्या इपॉक्सीच्या पाच-सात पट सहज असतो, फक्त ते साडेतीनशे-चारशे अंशाला प्रेस करावं लागतं, त्यामुळे घरगुती कामात विसरा.

दुसरा मार्ग म्हणजे जाडीच्या दिशेने खरोखर काहीतरी घुसवायचं. शिवण, टफ्टिंग (धाग्याचे फास टोचून बसवणं), त्रिमितीय विणकाम, किंवा झेड-पिन, म्हणजे पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीच्या कार्बनच्या काड्या. क्षेत्रफळाच्या दोन टक्के पिन मारल्या तरी लेअर उघडायला लागणारी ऊर्जा कित्येक पट होते. पण फुकट काहीच नसतं, प्रत्येक पिन किंवा टाका भोवतीचे फायबर बाजूला ढकलतो, लाट तयार होते, रेझिनचे डबके राहतात, आणि वर सांगितलं तसं कॉम्प्रेशनची ताकद पडते. म्हणून हे फक्त जोडांवर, स्टिफनरच्या (कडकपणासाठी जोडलेल्या पट्टीच्या) पायथ्याशी, जिथे लेअर उचकटले जाणार हे नक्की माहीत आहे तिथे.

लेअर कसे रचायचे

यात पैसे लागत नाहीत तरी लोक सगळ्यात कमी लक्ष इथेच देतात. डिलॅमिनेशन वेगळ्या दिशेच्या दोन लेअरच्या मधे होतं, एकाच दिशेच्या दोन लेअरमध्ये सहसा होत नाही, आणि दिशेतला फरक जितका मोठा तितकं जोरात. म्हणून ० अंशाच्या लेअरवर सरळ ९० चा ठेवण्यापेक्षा मधे ४५ चा घाला. एकाच दिशेचे चारपेक्षा जास्त लेअर सलग नकोत, जाड गठ्ठा झाला की आडवा तडा लवकर पडतो आणि तोच पुढे डिलॅमिनेशन सुरू करतो. याची दुसरी बाजू अशी की पातळ लेअर वापरले, नेहमीच्या ०.१२५ मिलिमीटरऐवजी पसरवलेल्या धाग्याचे २०-५० मायक्रॉनचे, तर तेच फायबर तेच रेझिन असून आडवे तडे खूप उशिरा पडतात. रचना मध्यापासून दोन्हीकडे सारखी ठेवा, नाहीतर थंड होताना पार्ट पिळतो. मुख्य लोड कुठलाही असो, ०, ९०, +४५, -४५ या प्रत्येक दिशेला किमान १० टक्के फायबर ठेवा, कारण लोड कागदावर जिथून येतो तिथूनच प्रत्यक्षात येईल याची खात्री कोणी देत नाही. सगळ्यात बाहेर ±४५ चं विणलेलं कापड बरं पडतं, ओरखडे आणि बारीक मार ते झेलतं आणि आतले ० चे लेअर वाचतात. जाडी कमी करत आणायची असेल तर लेअर एकदम एका जागी संपवू नका, पायऱ्या पाडा, आणि संपणारे लेअर आत ठेवून वरून अखंड लेअर घ्या.

फायबरची भेसळ पण कामाची आहे. कार्बन दीड टक्का ताणावर तुटतं, ग्लास चार टक्क्यांच्या वर जातं. नुसता कार्बनचा पार्ट तुटतो तेव्हा आवाज आल्यावरच कळतं, त्यात ग्लास मिसळलं तर कार्बन तुटल्यावरही ग्लास लोड धरून ठेवतं, आणि कार्बनचे पातळ लेअर ग्लासच्या मधे दाबले असतील तर कार्बन स्वतः थोडं उशिरा तुटतं, ही गोष्ट १९७२ मध्ये हयाशी यांनी पहिल्यांदा नोंदवली. केव्हलार घालायचंच तर मार बसतो त्याच्या मागच्या बाजूला घाला, तिथे ताण येतो, दाब नाही. मात्र मिश्रणात कडकपणा मधेच कुठेतरी येणार, कार्बनचा पण हवा आणि ग्लासची सहनशक्ती पण, दोन्ही पूर्ण, असं नसतं.

इंजेक्शन मोल्डिंगवाल्यांसाठी

इथे आखूड फायबर मिसळलेलं प्लास्टिक वितळवून साच्यात दाबतात, आणि सगळा खेळ फायबरच्या लांबीचा. फायबर एका ठराविक लांबीपेक्षा आखूड असेल तर ते तुटायच्या आधी निसटतं. ती लांबी काढायची तर फायबरची ताकद गुणिले व्यास, भागिले बाँडच्या शिअर ताकदीच्या दुप्पट. समजा ग्लासची प्रत्यक्षातली ताकद २००० मेगापास्कल, व्यास ०.०१४ मिलिमीटर, पॉलिप्रॉपिलीनमध्ये कपलिंग एजंट (बाँड पक्का करणारं रसायन) नसताना बाँड ८ मेगापास्कल, तर लांबी आली १.७५ मिलिमीटर. मॅलिक ॲनहायड्राइडवालं कपलिंग टाकून बाँड २० केला तर ०.७. पार्टमध्ये फायबर बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरच्याही आत उरलेलं असतं, कारण स्क्रू, नोझल आणि गेट (साच्यात शिरायची वाट) त्याचा चुरा करतात. म्हणून लांब फायबरचे दाणे घ्या, बॅक प्रेशर आणि स्क्रूचा वेग कमी ठेवा, गेट मोठं करा. ताकदीसाठी फायबर त्या लांबीच्या कितीतरी पट लांब हवं, पण ओढून निघताना सर्वात जास्त ऊर्जा त्या लांबीच्या आसपासच खर्च होते, तेव्हा दोन्हीचं टोक एकाच जागी सापडत नाही. वेल्ड लाइनवर, म्हणजे साच्यात प्लास्टिकचे दोन प्रवाह भेटतात तिथे, फायबर रेषा ओलांडत नाहीत, ती जागा लोडपासून दूर सरकवा. आणि ग्लासवालं नायलॉन मशीनमधून निघाल्या निघाल्या टेस्ट करून ठिसूळ म्हणू नका, ते पाणी शोषल्यावर चिवट होतं आणि थोडं मऊही.

नॅनोचं काय?

कार्बन नॅनोट्यूब, ग्राफीन वगैरेबद्दल माझं मत स्पष्ट आहे, बाकी सगळं जागेवर आल्याशिवाय हात लावू नका. अर्धा टक्का नॅनोट्यूबने पण रेझिन इतकं घट्ट होतं की इन्फ्युजन होत नाही, आणि नीट सुटे झाले नाहीत तर त्यांचे गठ्ठे तड्याची सुरुवात करून देतात. २० नॅनोमीटरची सिलिका द्रवात आधीच पसरवून येते ती त्यातल्या त्यात बरी, कडकपणा वाढवते आणि रेझिन फार घट्ट करत नाही. मास्क मात्र लावा, कापताना आणि घासताना तर कुठल्याही फायबरला.

सुधारलं की नाही हे कसं कळणार

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि जुन्या पद्धतीचा पॅनेल त्याच दिवशी, त्याच रेझिनच्या डब्यातून करा. रोजच्या तपासणीला शॉर्ट बीम टेस्ट (आखूड तुकडा वाकवून तोडायची), एएसटीएम या मानक संस्थेची डी २३४४, सगळ्यात स्वस्त, बुडबुडे आणि बाँडिंग दोन्ही त्यात लगेच उघडे पडतात. लेअर उघडायची ऊर्जा हवी असेल तर डी ५५२८, त्यात एका टोकाला पातळ फिल्म घालून लेअर मुद्दाम सुटे ठेवतात आणि मग उचकटत नेतात, इथे एक लक्षात ठेवा, तडा पुढे गेल्यावर मागे फायबरचे पूल तयार होतात आणि आकडा फुगतो, तेव्हा तडा सुरू होतानाचा आकडा धरा. मार बसल्यानंतर किती ताकद उरली ते डी ७१३६ ने मार देऊन आणि डी ७१३७ ने दाबून बघतात. लॅब नसेल तर नाण्याने ठोकून बघा, चांगल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बसका. एकाच पॅनेलचा एकच तुकडा तोडून निष्कर्ष काढू नका, कंपोझिटमध्ये तुकड्या-तुकड्यात फरक असतोच, किमान पाच घ्या.

भोकं पाडताना

एवढं सगळं करून शेवटी ड्रिल मारताना घालवणारे खूप. ड्रिल बाहेर पडतं तिथे शेवटचे लेअर ढकलले जाऊन सुटतात, म्हणून मागे लाकडाचा तुकडा घट्ट क्लॅम्प करा, कार्बाइडचं धारदार बिट घ्या आणि शेवटच्या मिलिमीटरला हात हलका करा. भोकाचा मध्य कडेपासून बोल्टच्या व्यासाच्या किमान तिप्पट लांब ठेवा, दोन भोकांत चौपट अंतर, आणि त्या भागात ±४५ चे लेअर वाढवा, नुसते ० चे असतील तर बोल्ट पट्टी फाडत बाहेर येतो. कार्बनला ॲल्युमिनियम थेट टेकू देऊ नका, ओलावा आला की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, मधे ग्लासचा एक लेअर द्या आणि बोल्ट टायटॅनियमचे किंवा स्टेनलेसचे घ्या. भोकाच्या आतल्या कडेला पातळ इपॉक्सीचा हात मारून ती सुकू द्या, मगच बोल्ट घाला, कारण कापलेल्या फायबरच्या टोकांतून पाणी आत शिरतं.